प्रतीक्षा यादीला नंबर द्या

वडूजमध्ये जून संपल्यावर एखाद्या पोरासाठी इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत जागा मागायला गेलं, तर ‘हो’ मिळत नाही. माझी तक्रार त्याबद्दल नाही. वर्ग भरलेला असू शकतो. एका तुकडीत साधारण ४० मुलं असावीत असं सीबीएसईच्या संलग्नतेच्या नियमांत आहे आणि तो नियम शहाणपणाचा आहे. साठ पोरं कोंबलेल्या वर्गात माझ्या भाचीला एकसष्टावी म्हणून बसवा, असं मी कधीच म्हणणार नाही. तक्रार अशी आहे की तिथे ‘नाही’सुद्धा मिळत नाही. मिळतं ते एवढंच : ‘वेटिंगला ठेवतो, कळवतो.’ एवढ्यावर आमच्या घराने अख्खा पावसाळा काढला. खटाव तालुक्यातली कितीतरी घरं दरवर्षी तसाच काढतात.

उशिरा येणारी माणसं कोण असतात, हे आधी सांगायला हवं. शाळेच्या ऑफिसात उशीर म्हणजे आईबापांचा निष्काळजीपणा असं धरूनच बोलायला सुरुवात होते. “आवो, फेब्रुवारीतच यायचं ना, तवा जागा होत्या.” फेब्रुवारीत माझी धाकटी बहीण केरळात, त्रिशूरला होती. तिथे दाजींचं गलाईचं दुकान आहे. जुलैत इकडे गावी तिच्या सासूबाई घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यांच्याजवळ राहायला बहीण पोरीला घेऊन वडूजला आली. हाड मोडायची तारीख फेब्रुवारीत कळत नाही.

गलाईवाल्यांच्या घरात हे नवीन नाही. खटाव, माण, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ हा सगळा कमी पावसाचा पट्टा. जिरायतीवर पोट भरेना म्हणून इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळायला बाहेर पडली. सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत एक खोली, त्यात भट्टी, मूस आणि तेजाब. जुने दागिने घ्यायचे, सराफाच्या दुकानातली झाडलोटसुद्धा घ्यायची, आणि त्यातलं शुद्ध सोनं वेगळं काढून द्यायचं. पंजाबपासून केरळपर्यंत कुठल्याही मोठ्या सराफ बाजारात विटा, मायणी, आटपाडी, वडूजकडचा माणूस भेटतो. भागीदार वेगळा होतो, गाळामालक जागा खाली करायला सांगतो, धंदा एका शहरातून दुसऱ्या शहरात हलतो, गावाकडे म्हातारं माणूस अंथरुणाला खिळतं. मग बापाने तिकडे भट्टीपाशी राहायचं आणि आईने पोरं घेऊन गावी यायचं. हे सगळं शाळेचं वर्ष बघून होत नाही. सीबीएसईचं वर्ष एप्रिलला लागतं, राज्य मंडळाच्या शाळा आमच्याकडे जूनच्या मध्याला उघडतात, आणि गलाईवाल्याचं बिऱ्हाड श्रावणात हललं तर ते श्रावणातच येणार.

इथल्या पोरांना शिक्षणासाठी गाव बदलणं नवीन नाही. कवी गदिमा माडगूळचे, शाळेसाठी औंधलाही राहिले, आणि औंध तर आमच्याच तालुक्यात आहे. शाळा गाठायला माणदेशातलं पोर नेहमीच चाललेलं आहे. त्या चालण्याची आम्हाला सवय आहे. ऑफिसातल्या बाकड्यावर बसून राहायची सवय आम्हाला करून घ्यावी लागते आहे आणि ती करून घ्यायची माझी तयारी नाही.

सुरुवात फॉर्मपासून होते. फॉर्मला पैसे पडतात. भाची चौथीतली; चौथीत जागा नाही हे ऑफिसाला माहीत असतं, तरी फॉर्म विकला जातो. पावती मागितली तर त्यावर ‘माहितीपुस्तिका’ लिहून मिळतं. पुस्तिकेत घसरगुंडी, संगणक कक्ष आणि स्नेहसंमेलन यांचे रंगीत फोटो असतात. किती जागा, कोणत्या वर्गात, कोणत्या तारखेपर्यंत, हे कुठल्याच पानावर नसतं. जागा नसताना जागेचा अर्ज विकायचा आणि पैसे परत करायचे नाहीत, हे बरोबर नाही. रक्कम लहान आहे म्हणून कुणी बोलत नाही. पण बहीण तसे तीन ठिकाणचे फॉर्म भरून बसली होती आणि तिन्हीकडे तिला तेच उत्तर मिळालं होतं.

फॉर्मात आईची पदवी, वडिलांची पदवी असे दोन रकाने आहेत. दाजी दहावीनंतर थेट भट्टीवर गेले. त्यांनी खरं ते लिहिलं : दहावी. क्लार्कने फॉर्म वाचता वाचता त्या रकान्यावर बोट ठेवलं आणि बहिणीकडे बघितलं. बोलला काहीच नाही. चौथीतल्या पोरीला भागाकार शिकवायला तिच्या बापाच्या पदवीची गरज काय, हे मला त्या शाळेने एकदा सांगावं. ज्या माणसाने पंधराव्या वर्षी परमुलखात जाऊन तिथली भाषा शिकून धंदा उभा केला, त्याला पोरीच्या शाळेत अशी नजर झेलावी लागू नये.

मग कागदपत्रं. जन्माचा दाखला त्रिशूरचा, आधारवर पत्ता तिथला, शाळा सोडल्याचा दाखला इंग्रजीत. इथे पहिली अडचण पत्त्याची. आमचा तालुका खटाव, पण तहसील कचेरी, पंचायत समिती, कोर्ट सगळं वडूजला. तिकडच्या शाळेने दाखल्यावर तालुका म्हणून वडूज लिहिलं होतं. ते दुरुस्त करून आणा म्हणाले. ते केल्यावर, परराज्यातला दाखला आहे, तिकडच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागेल म्हणाले. ते आधी का सांगितलं नाही, असं विचारल्यावर “आधी दाखला तर बघायला पाहिजे ना” असं उत्तर आलं. दाखला त्यांनी पहिल्याच दिवशी बघितला होता. वडूज हा तालुका नाही हे त्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं होतं. दाजींनी दुकान सोडून तिकडे पुन्हा चकरा मारल्या.

त्यापुढचा घोळ पेन नंबरचा. यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदणीवर प्रत्येक मुलाला कायमचा एक नंबर असतो. जुन्या शाळेने मुलाचं नाव सोडायचं, ते ड्रॉपबॉक्समध्ये जातं, आणि नव्या शाळेने तिथून उचलायचं, अशी पद्धत आहे. पद्धत चांगली आहे. पण इथली शाळा म्हणे, आम्ही प्रवेश दिल्यावरच नाव उचलू, आणि प्रवेश वेटिंगला. तोवर नाव तिकडून सुटलेलं आणि इकडे घेतलेलं नाही. म्हणजे शिकायला आतुर असलेली, रोज सकाळी दप्तर भरून बसणारी नऊ वर्षांची मुलगी त्या काळात देशातल्या कोणत्याच शाळेच्या पटावर नव्हती. शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण होतं तेव्हा वीटभट्ट्या, ऊसतोडीचे तळ, पालं बघतात, आणि ते बघायलाच हवेत. पण पक्क्या घरात, गणवेशाचं माप देऊन, फॉर्मचे पैसे भरून शाळाबाह्य बसलेली पोरं कुणाच्या मोजणीत येत नाहीत.

आता यादीबद्दल. ही यादी म्हणजे एक डायरी आहे. त्यात नाव आणि मोबाइल नंबर लिहून घेतात. मी विचारलं, आमचा नंबर कितवा? क्लार्क म्हणाला, “मामा, असा नंबर नसतोय. जागा झाली की बघतो.” आमच्या आधी किती आहेत? “हायत की बरेच.” त्यातले चौथीचे किती? “ते साहेबांस्नी माहीत.” रेल्वेच्या खिडकीवर वेटिंगचं तिकीट काढलं तरी त्यावर आकडा छापलेला असतो. तो आकडा खाली येताना दिसतो, चार्ट लागला की काय ते ठरतं, आणि जागा नाही मिळाली तर पैसे परत मिळतात. पोराच्या वर्षभराच्या शाळेला एवढीही व्यवस्था नसावी?

आणि यादी नंबरनिशी लावणं अशक्य आहे असंही नाही. आमच्याच जिल्ह्यात साताऱ्याची सैनिक शाळा आहे. १९६१ साली निघाली, देशातली पहिली. खावलीला नवोदय विद्यालय आहे, सहावीला साधारण ८० जागा. या दोन्हीकडे परीक्षा असते, निवड यादी लागते, कुणी जागा सोडली तर पुढच्याला बोलावतात. निवड न झालेली पोरं रडतात, आईबाप हिरमुसतात. पण दुसऱ्या दिवशी त्यांना दुसरी शाळा बघायला मोकळीक असते. शिक्षणहक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागांचंही तसंच. त्या फक्त प्रवेशाच्या पहिल्या वर्गासाठी असतात, त्यामुळे भाचीला त्यांचा उपयोग नव्हता. पण ती सगळी प्रक्रिया ऑनलाइन आहे, सोडत निघते, प्रतीक्षा यादी लागते, आणि आपल्या अर्जाचं काय झालं ते मोबाइलवर बघता येतं. २०२३-२४ ला राज्यात एक लाखाहून थोड्या जास्त जागांसाठी साडेतीन लाखांहून अधिक अर्ज आले होते. इतक्या अर्जांची यादी लावता येते. वडूजच्या एका शाळेला चौथीच्या वेटिंगमधली नावं फळ्यावर लावता येत नाहीत, हे मी मानायला तयार नाही.

सरकारी यादी अडत नाही असं नव्हे. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलला : सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, ७ जूनला सोडत निघाली, पण निकाल राखून ठेवावा लागला. १९ जुलैला न्यायालयाने तो बदल रद्दच केला, मगच यादी खुली झाली. शाळा तर जूनमध्ये सुरू झाल्या होत्या. हजारो आईबाप तेव्हा आमच्यासारखेच ताटकळले. पण त्यांना निदान कशामुळे थांबलो आहोत ते ठाऊक होतं, वर्तमानपत्रात रोज येत होतं. आमच्या क्लार्कच्या डायरीवर कोणतं वर्तमानपत्र लिहिणार?

नंबर नसलेल्या यादीत माणसं वाईट होतात, हे मला सर्वांत जास्त खुपलं. वडूज तालुक्याचं ठिकाण. तहसीलमधले, पोलिस ठाण्यातले, कोर्टातले, बँकांतले नोकरदार इथे बदलून येतात आणि जातात. सरकारी नोकरांच्या बदल्या २००५ च्या कायद्याप्रमाणे एरवी एप्रिल-मेमध्येच व्हायच्या असतात, पण मागाहून होणाऱ्याही असतात. जागा रिकामी होते ती यातलं एखादं बिऱ्हाड हललं की. त्यामुळे वेटिंगवरचे आईबाप कुणाची बदली झाली याच्यावर डोळा ठेवून असतात. दुधाच्या रांगेत, गिरणीत, दवाखान्यात हेच चाललेलं. एका बाईंनी माझ्या बहिणीला हळूच सांगितलं की अमक्या कर्मचाऱ्याची ऑर्डर निघालीय, पोरगी चौथीतच आहे. बहीण घरी येऊन मला सांगायला लागली आणि मधेच थांबली. त्या पोरीची इथे मैत्रीण असेल, तिलाही मधूनच शाळा सोडावी लागणार असेल, हे तिच्या ध्यानात आलं. दुसऱ्याच्या लेकराचं उठणं आपल्याला हवंहवंसं वाटावं, अशी वेळ शाळेने आईवर आणू नये.

नंबर नसला की शिफारस शिरते. “कुणाचं पत्र आणता येतंय का बघा,” हे मला शाळेतल्याच एकाने सांगितलं, आणि चांगल्या मनाने सांगितलं. पत्र आणणारा पुढे जातो म्हणजे कुणीतरी मागे जातो. मागे गेलेल्याला ते कधीच समजत नाही, कारण तो कितवा होता हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मी पत्र आणलं नाही. बहिणीने त्याबद्दल मला काही म्हटलं नाही, पण तिची सासू म्हणाली की आणायला पाहिजे होतं. त्या माऊलीच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. देणगीचा विषय आमच्यापर्यंत आला नाही, तेव्हा मी त्यावर बोलत नाही. एवढंच सांगतो की कॅपिटेशन फी घ्यायला राज्यात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे, आणि ‘इमारत निधी’ असं नाव दिल्याने ती बंदी उठत नाही.

मुलाखतीचं मात्र सविस्तर सांगणार आहे. “आईवडील दोघंही आणि मूल, प्रत्यक्ष हजर पाहिजेत,” असा निरोप आला. जागा झाली असेल या आशेने दाजी भट्टी विझवून, दुकानाला कुलूप लावून आले. रात्रीचा दिवस करून पुणे, तिथून एसटीने वडूज. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तिघं शाळेत गेले, तर प्राचार्य मीटिंगला साताऱ्याला गेलेले. दुसऱ्या दिवशी बोलावलं. दुसऱ्या दिवशी पोरीला एका खोलीत नेलं, आईबापांना बाहेर ठेवलं, आणि तिच्याकडून एक इंग्रजी उतारा वाचून घेतला, गणितं सोडवून घेतली, पाच वाक्यांत स्वतःबद्दल बोल म्हणाले. पोरगी हुशार आहे. तिला सगळं आलं. बाहेर आल्यावर तिने विचारलं, “मी पास झाले का?” तिच्या बापाने क्लार्ककडे बघितलं. क्लार्क म्हणाला, “जागा झाली की कळवतो.” म्हणजे जागा नव्हतीच. जागा नसताना बापाला केरळातून बोलावलं आणि नऊ वर्षांच्या पोरीची परीक्षा घेतली. त्या रात्री तिने आईला विचारलं की माझं काय चुकलं. तिचं काही चुकलं नव्हतं, हे आम्ही सगळ्यांनी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि तिला ते पटलं नाही, कारण परीक्षा घेतल्यावर निकाल असतो एवढं तिला शाळेनेच शिकवलेलं आहे.

ही परीक्षा बेकायदा आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षणहक्क कायद्याचं तेरावं कलम प्रवेश देताना मुलाला किंवा त्याच्या आईबापांना चाळणी लावायला मनाई करतं. पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. विनाअनुदानित खासगी शाळा या कायद्याच्या ‘शाळा’ या व्याख्येत येते. चौदावं कलम म्हणतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश अडवता येणार नाही. आणि पंधरावं कलम तर आमच्यासारख्यांसाठीच लिहिल्यासारखं आहे : वर्ष सुरू झाल्यावर, वाढवून दिलेली मुदत संपल्यावरसुद्धा मूल आलं तरी त्याला प्रवेश नाकारता येणार नाही. म्हणजे ‘उशिरा आलात’ हे सहा ते चौदा वयाच्या लेकराला सांगण्यासारखं कारणच कायद्याने शिल्लक ठेवलेलं नाही. ‘जागा नाही’ हे कारण वेगळं. ते खरं असेल तर मान्य. पण मग ते लिहून द्या : चौथीची पटसंख्या एवढी, मर्यादा एवढी, म्हणून प्रवेश देता येत नाही, तारीख, सही, शिक्का. मी असा कागद मागितला. मिळाला नाही. लिहून द्यायची पद्धत नाही म्हणाले.

कायद्यात एक उणीवही आहे, ती सांगतो. पाचवं कलम मुलाला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जायचा हक्क देतं, परराज्यातूनसुद्धा. दाखला द्यायला मुख्याध्यापकांनी उशीर लावता कामा नये आणि दाखल्याच्या उशिरामुळे प्रवेश अडता कामा नये, असंही त्यात आहे. पण हा हक्क सरकारी आणि अनुदानित शाळांत जाण्यापुरता. विनाअनुदानित शाळा त्यातून वगळल्या आहेत. गलाईवाल्यांची निम्मी अडचण या वगळण्यात आहे. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर तालुक्याच्या गावांत इंग्रजी शाळा भराभर निघाल्या, घरोघरची पोरं तिकडे गेली, आणि दाखल्याचा नियम मात्र त्यांना न लावता तसाच राहिला.

“मग सरकारी शाळेत घाला की,” असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांच्यातल्या बहुतेकांची स्वतःची पोरं खासगी शाळेत आहेत. बहिणीची इंग्रजी माध्यमाची ओढ दिखाव्यासाठी नव्हती. पोरगी पहिल्यापासून इंग्रजीत शिकलेली, घरात मराठी बोलते, बाहेर मल्याळम. मराठी लिहिणं तिला येत नव्हतं. आजी हिंडू-फिरू लागली की त्यांना परत जायचं होतं. मधल्या एका वर्षासाठी माध्यम बदललं आणि पुढल्या वर्षी परत बदललं, तर पोरगी दोन्हीकडून मागे राहील, ही आईची भीती खरी होती.

गंमत वाटावी अशी नाही, पण लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट याच दिवसांत घडत असते. आपण खासगी शाळेच्या बाकड्यावर बसलेलो असतो आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी, बाई पोरं शोधत दारोदार फिरत असतात. संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात. त्यावर शिक्षकांची पदं ठरतात. चार पोरं कमी पडली तर एक पद जातं. पट वीसच्या खाली गेलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं सरकारने २०२३ मध्ये काढलं, तेव्हापासून वाडीवस्तीवरच्या शिक्षकांच्या पोटात तर गोळाच आहे. एका बाजूला जागा आहेत, पोरं नाहीत. दुसऱ्या बाजूला पोरं आहेत, जागा नाहीत. मधलं अंतर वडूजमध्ये चालत पार होतं. सरकारी शाळेसमोर रांग लागतच नाही असंही नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेला प्रवेशासाठी प्रतीक्षा यादी लागली होती, हे राज्यभर गाजलं. शाळा कुणाची आहे यापेक्षा तिथे आपल्या लेकराचं नीट होईल असा भरवसा वाटतो का, याच्यावर आईबापांचं पाऊल ठरतं.

गौरी-गणपती येऊन गेले तरी फोन आला नाही, तेव्हा बहिणीला म्हटलं, आता थांबायचं नाही. आमच्या जवळच्या जिल्हा परिषद शाळेत गेलो. बाईंनी आधारची झेरॉक्स घेतली, पोरीला नाव विचारलं, आणि त्याच दिवशी वर्गात बसवलं. प्रतिस्वाक्षरी, तालुक्याची चूक, पेन नंबर, सगळं आम्ही मागून बघतो म्हणाल्या, आणि त्यांनी बघितलं. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता तिला मराठी अक्षरं गिरवायला दिली. खासगी शाळेला जे करायला महिने पुरले नाहीत ते तिथे एका सकाळी झालं. त्या बाईंचं नाव इथे घातलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून घालत नाही.

सातारा जिल्ह्यात पोराला शाळेच्या दारात ताटकळत ठेवणं याचं जास्त वाईट वाटायला कारण आहे. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली ती याच जिल्ह्यात. १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांसाठी एकत्र वसतिगृह काढलं. तिथल्या पोरांच्या पोटाला घालायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. आमच्या भागातले अनेक आजोबा त्या शाळा-वसतिगृहांमुळे पहिल्यांदा शिकले. आज खासगी शाळा चालवणारे कितीतरी जण त्याच शिक्षणावर मोठे झालेले आहेत. त्यांनी मंगळसूत्र मोडावं असं कुणी म्हणत नाही. त्यांनी एक फळा लावावा.

त्या फळ्यावर वर्गवार जागा, भरलेल्या जागा आणि वेटिंगची नावं नंबरनिशी असावीत. जागा नसेल तर फॉर्म विकू नये, विकलाच तर पैसे परत करावेत. अमुक तारखेपर्यंत जागा झाली नाही तर वाट बघू नका, असं आधीच सांगावं. पोरीला परीक्षेला बसवू नये. यातल्या कशालाच शाळेला खर्च नाही. खडू लागेल. हे मी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे पंचायत समितीत लिहून दिलं आहे आणि पोच घेतली आहे. वडूजमध्ये अर्ज द्यायला लांब जावं लागत नाही, ही एक सोय आम्हाला आहेच.

दिवाळीची सुट्टी संपत आली आणि फोन आला. चौथीत एक जागा झालीय, उद्या दुपारपर्यंत या, नाहीतर पुढच्याला देतो. फी पूर्ण वर्षाची. बसची फी पूर्ण वर्षाची. गणवेश दोन जोड, ठरलेल्या दुकानातून. नोव्हेंबर उजाडलेला होता. बहिणीने पोरीला विचारलं. पोरगी म्हणाली, माझी बाई आहे, माझ्या मैत्रिणी आहेत, मी नाही जाणार. बहिणीने नको म्हणून कळवलं. त्यावर क्लार्क म्हणाला की मग रजिस्टरला ‘पालकांनी प्रवेश नाकारला’ असं लिहावं लागेल, सहीला या. मी बहिणीबरोबर गेलो. रजिस्टर पुढे केलं, त्यात आमचा नंबरही होता, अकरावा. तो मला तिथेच पहिल्यांदा कळला. मी म्हटलं, सही करतो, पण त्या ओळीत आमच्या अर्जाची तारीख लिहा आणि तुमच्या फोनची तारीख लिहा. ते म्हणाले, तसा रकाना नाही. बहिणीने सही केली नाही आणि आम्ही घरी आलो. रकाना करावा, असा दुसरा अर्ज मी सोमवारी देणार आहे.